सातवी बाटली

मंगळवारी चार वाजता आम्ही जमतो,
फेरो बेटांवर, क्लाक्सविकच्या धक्क्याला लागून,
जिथे पूर्वी कॉड मासा खारवत
त्या गोदामाच्या माडीवर.
लाकडाला अजून मीठ सुटतं.
कागद भिंतीला टेकवला तर कडा ओलसर होतात.

मी काही चित्रं काढायला आले नव्हते.
डॉक्टरने चिठ्ठी दिली, खोकल्यावर देतात तशी :
झोपेच्या गोळ्या अर्ध्या करा, आणि वर हे.
पहिल्या दिवशी रानवा म्हणाली,
इथे चांगलं-वाईट असं काही नसतं.
मी बँकेत नोकरी करते. मला हसू आलं.

सुनेवा कागद फाडते आणि पुन्हा चिकटवते.
ब्रांदुर, एकोणीस वर्षांचा, फक्त दारं काढतो.
कडी आतून की बाहेरून, हे विचारायचं नाही.
हानुस काहीच काढत नाही.

हानुस ब्रश धुतो.
कोपरापर्यंत बाह्या दुमडून,
तीस वर्षं जाळी ओढलेल्या हातांनी
केसाकेसातून रंग सोडवतो,
मांजराच्या पिलाची मान धरावी तसा दांडा धरून.
रानवा दर वेळी त्याच्यापुढे कागद ठेवते.
कागद दर वेळी कोराच परत जातो, नीट गुंडाळून.

त्याचा मुलगा ऐयुन मार्चमध्ये बोटीवरून पडला.
हे सगळ्यांना ठाऊक आहे, गाव ते केवढंसं.
बाप त्याच बोटीवर होता, सुकाणूपाशी, पाठमोरा.
हेही ठाऊक आहे. हे कोणी बोलत नाही.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं,
तो बरणीतलं पाणी बेसिनमध्ये ओतत नाही.
बाटलीत भरतो. बूच घट्ट लावतो.
वर चिकटपट्टी, तिच्यावर तारीख.
खिडकीत रांग लागली : करडी, मातकट, एक जांभळट
(त्या दिवशी सुनेवाचा वाढदिवस होता).
रानवाने काही विचारलं नाही.
तिचं एवढंच मला पटतं,
कधी विचारायचं नाही हे तिला कळतं.

त्या मंगळवारी मी आईचं स्वयंपाकघर काढत होते.
हिरवी भिंत, जिच्यापुढे उभं राहून
तिने मला विचारलं होतं, आपण कोण?
हिरवा काही जमेना. वर करडा फासला,
मग चिडून पुन्हा हिरवा, मग थोडा काळा,
आणि ब्रश बरणीत असा खुपसला
की पाणी टेबलभर झालं.

हानुसने बरणी उचलली. उजेडाकडे धरली.
बराच वेळ.
खाली फेरीबोटीचा भोंगा झाला, गाड्या उतरल्या, गेल्या.
मग तो बोलला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला,
बारीक, त्या देहाला न शोभणारा :

"हा.
त्या सकाळी समुद्र असा होता.
मी सगळ्यांना करडा सांगितला,
त्यांनी करडा लिहून घेतला.
करडा नव्हता."

ब्रांदुरचं दार अर्धं राहिलं.
रानवा खुर्ची सरकवून त्याच्या शेजारी बसली
आणि दोघं नुसती पाण्याकडे बघत राहिली.

"ब्रश कुणाचा होता?"
पाच जणांचे ब्रश, एक बरणी. कोण सांगणार.
मी हात टेबलाखाली घेतले.
हिरवे होते.

सातव्या बाटलीवर त्याने तारीख घातली,
त्या दिवसाची नाही, मार्चमधली.
ती खिडकीत ठेवली नाही. कोटाच्या आतल्या खिशात घातली
आणि एक हात छातीशी धरून जिना उतरला.

पुढच्या मंगळवारी उरलेल्या सहा त्याने
एकेक करून बेसिनमध्ये रित्या केल्या.
नळ किती वेळ वाहत होता.
मग बसला. कागद पुढे ओढला.
काय काढलं ते बँकवालीने सांगू नये.
वाईट होतं.

सुनेवा त्याचा ब्रश धुवायला उठली,
तर मागून गेला, म्हणाला,
तसा नाही,
असा.